रसायन, अनुपान आणि सहायक द्रव्य : कर्करोगावरील लसींतील वनस्पतिजन्य घटकांचा इतिहास

१

गोंदिया जिल्ह्यातील गोरेगाव तालुका हा धानाच्या शेतीचा आणि पानझडी अरण्याचा प्रदेश होय. नागझिऱ्याचे अरण्य येथून निकट आहे. या पट्ट्यातील रानांत गुळवेल व शतावरी या दोन वनस्पती आढळतात, आणि त्यांची नावे खेड्यापाड्यांतील लोकांना पिढ्यानपिढ्या परिचित आहेत. इ. स. २०२० च्या कोविडच्या साथीत या जुन्या नावांना एक नवे विशेषण चिकटले : ‘प्रतिकारशक्ती वाढविणारी’. त्याच वर्षी आयुष मंत्रालयाने प्रसृत केलेल्या उपचारपद्धतीत गुळवेल व अश्वगंधा यांचा समावेश होता. शहरातील दुकानांत जे वटीच्या रूपाने विकले जाऊ लागले, ते गावात कुंपणावरून तोडून आणले जाऊ लागले.

आता कर्करोगावरील लसींच्या संदर्भातही वनस्पतिजन्य द्रव्यांचे नाव वारंवार ऐकू येते. अशा लसींत वनस्पतीपासून काढलेले एखादे द्रव्य मिसळले असता शरीराचा प्रतिसाद तीव्र होतो, हे विधान शास्त्रीय दृष्ट्या यथार्थ आहे. परंतु ते लोकभाषेत उतरताना त्याचे रूप पालटते. ‘लसीत घालतात ती वनस्पती शक्ती वाढविते, मग वनस्पतीच का घेऊ नये?’ असा त्याचा अर्थ लावला जातो. कर्करोगाच्या उपचारासाठी या भागातील अनेक रुग्णांना नागपूरची वाट धरावी लागते. प्रवास, खर्च आणि रोजगाराचा खंड या सर्वांचा विचार करता अंगणातील वेलीचा पर्याय किती मोहक वाटत असेल, हे सांगणे नको. म्हणून लसीतील द्रव्य जे ‘वाढविते’ आणि काढ्यातील वेल जे ‘वाढविते’ असे म्हणतात, ते एकच आहे काय, हा प्रश्न केवळ पारिभाषिक नाही. त्याचे उत्तर शब्दांच्या आणि प्रयोगांच्या इतिहासात शोधावे लागते.

२

प्रथम शब्दांचा विचार करू. ‘प्रतिकारशक्ती’ हा सामासिक शब्द मराठीत पूर्ण रुळला आहे. त्यातील ‘शक्ती’ या उत्तरपदामुळे ही गोष्ट अंगातील बळासारखी एकजिनसी, कमी-अधिक होणारी आहे, अशी कल्पना सहज होते. प्रत्यक्षात ती अनेक प्रकारच्या पेशींची व द्रव्यांची व्यवस्था असून आपले कोणते आणि परके कोणते हा विवेक करणे हे तिचे मुख्य कार्य आहे. ती सरसकट वाढली तर हितच होते असे नाही. संधिवाताचे काही प्रकार, दमा आणि यकृताचे काही दाह हे या व्यवस्थेच्या अतिरेकाचे किंवा दिशाभुलीचे परिणाम होत.

आयुर्वेदाच्या परिभाषेत या विषयाशी संबद्ध असे तीन शब्द आढळतात. पहिला ‘रसायन’. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा प्रथम अध्याय रसायनाचाच आहे. दीर्घायुष्य, स्मृती, आरोग्य व तारुण्य यांसाठी दीर्घकाल सेवन करावयाचे ते रसायन. त्याचा परिणाम सर्व देहावर अपेक्षित असतो. दुसरा शब्द ‘अनुपान’, म्हणजे औषधाबरोबर किंवा त्यानंतर घ्यावयाचे मध, तूप, दूध, कोमट पाणी इत्यादी. तिसरा ‘योगवाही’. ज्या द्रव्याशी संयोग होईल त्याचे गुण जे वाहून नेते ते योगवाही. मध हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण.

लसीत मिसळावयाच्या साहाय्यकारी द्रव्याला पाश्चात्त्य भाषांत ‘ॲड्जुव्हंट’ म्हणतात. मदत करणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून हा शब्द निघाला. ‘सहायक द्रव्य’ हा त्याचा सरळ पर्याय होय. सहायक द्रव्याला स्वतःचे असे लक्ष्य नसते. लसीत ज्या रोगकारकाचा किंवा पेशीचा अंश असतो, त्या अंशाला प्रतिजन म्हणतात. शरीराने त्या प्रतिजनाची दखल घ्यावी एवढ्यासाठीच सहायकाची योजना असते. अर्थदृष्ट्या हा शब्द अनुपानाला व योगवाहीला जवळचा आणि रसायनापासून दूरचा आहे. असे असता लोकव्यवहारात त्याचे भाषांतर मात्र रसायनाच्या कल्पनेने झाले. संकल्पनेच्या गोंधळाचे मूळ येथे आहे.

३

सहायक द्रव्याचा शोध हा बुद्धिपुरस्सर झालेला शोध नव्हे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गास्ताँ रामाँ हा पशुवैद्य घटसर्पाच्या प्रतिविषासाठी घोड्यांना सुया टोचीत असे. ज्या घोड्यांना टोचलेल्या जागी गळू होई, त्यांच्या रक्तात प्रतिविष अधिक सापडते, असे त्याच्या ध्यानात आले. तेव्हा त्याने तसा दाह मुद्दाम उत्पन्न करून पाहण्याचे ठरविले. इ. स. १९२५ च्या सुमारास त्याने निर्विष केलेल्या घटसर्पविषात पावाचा चुरा, पिष्ट, अगर आणि टॅपिओका असे नाना पदार्थ मिसळून पाहिले. टॅपिओका म्हणजे ज्या कंदपिष्टापासून आपल्याकडील उपवासाचा साबुदाणा होतो तेच. त्याच यादीत सॅपोनिन हे फेस उत्पन्न करणारे वनस्पतिद्रव्यही होते. उपवासाच्या फराळातील वस्तूने घोड्याच्या रक्तातील प्रतिविष वाढते हे कौतुकाचे खरे; पण साबुदाणा घोड्याला खाऊ घातला नव्हता, तो विषाबरोबर एकाच जागी टोचला होता. प्रतिजन आणि सहायक यांचे हे सान्निध्य पुढील सर्व इतिहासाची गुरुकिल्ली आहे.

१९२६ साली लंडनच्या अलेक्झांडर ग्लेनी याने तुरटीच्या योगाने हेच कार्य अधिक सुरक्षितपणे साधले. तेव्हापासून सुमारे सात दशके मानवी लसींत ॲल्युमिनियमच्या क्षारांचेच राज्य राहिले. तुरटी प्रतिपिंडे उत्तम निर्माण करविते. परंतु रोगग्रस्त पेशींचा प्रत्यक्ष वध करणाऱ्या लसिका-पेशींना ती फारसे जागे करीत नाही. घटसर्पासारख्या विषजन्य रोगात प्रतिपिंडांनी काम भागते. कर्करोगात शत्रू हा स्वतःच्याच शरीरातील बिघडलेली पेशी असल्यामुळे वधकारी पेशींची आवश्यकता पडते. वनस्पतिजन्य द्रव्यांकडे संशोधक पुन्हा वळले ते या कारणाने.

४

सॅपोनिन हा शब्द साबणवाचक लॅटिन ‘सापो’ या शब्दावरून सिद्ध झाला. आपल्याकडे रिठा आणि शिकेकाई यांचा फेस याच वर्गातील द्रव्यांमुळे येतो. संस्कृतात रिठ्याला ‘फेनिल’ असेच नाव आहे. चिली देशात क्विलाय नावाचा एक सदाहरित वृक्ष असून त्याच्या सालीचा उपयोग तेथील लोक धुण्यासाठी करीत आले आहेत. मोलिना या निसर्गशास्त्रज्ञाने १७८२ मध्ये त्या वृक्षाला शास्त्रीय नाव देताना ‘क्विलाया’ हे स्थानिक नाव आणि ‘सापोनारिया’ हे गुणवाचक विशेषण जोडून ठेवले.

सॅपोनिनच्या रेणूचा एक भाग शर्करायुक्त म्हणून पाण्याकडे ओढला जातो व दुसरा स्निग्धाकडे. त्यामुळे मळ निघतो, आणि त्याच कारणाने तो पेशीच्या स्निग्ध आवरणातील कोलेस्टेरॉलला जाऊन चिकटतो. रक्तात मिसळल्यास तांबड्या पेशी फुटतात. म्हणजे जो गुण उपयोगाचा, तोच अपायाचाही आहे. जनावरांच्या लाळ्या-खुरकत रोगावरील लसीत सॅपोनिनचा वापर विसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झाला; माणसाला मात्र ते अशुद्ध मिश्रण सोसणारे नव्हते.

१९७४ मध्ये डेन्मार्कच्या क्रिस्तियान डाल्सगार्ड याने क्विलायाच्या सालीतून शुद्धतर अंश वेगळा केला. १९९१ मध्ये शार्लट केन्सिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या मिश्रणाचे आणखी विभाजन केले. विभाजनाच्या आलेखातील एकविसाव्या शिखराशी जो अंश मिळाला त्यात सहायकत्व अधिक व विषारीपणा तुलनेने कमी आढळला. त्याचे नाव ‘क्यूएस-२१’ असे पडले. या नावात वृक्षाच्या शास्त्रीय नावाची आद्याक्षरे आणि शिखराचा क्रमांक एवढेच आहे. गुणवर्णनाचा लेशही नाही. ‘अमृता’ हे गुळवेलीचे संस्कृत नाव आणि ‘क्यूएस-२१’ हे नाव शेजारी ठेवून पाहावे. पहिल्यात आशा आहे. दुसऱ्यात मोजमाप आहे.

पुढे हे द्रव्य कोलेस्टेरॉलयुक्त सूक्ष्म मेदगोलकांत बसविल्याने त्याचा दाहकपणा आणखी आवरला गेला. २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता पावलेल्या नागिणीवरील लसीत ते आहे. हिवतापावरील पहिल्या लसीतही ते आहे. तिची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये केली. हिवतापावरील दुसऱ्या लसीची शिफारस २०२३ मध्ये झाली. तिच्यातील ‘मॅट्रिक्स-एम’ हे सहायकही क्विलायाच्या सॅपोनिनांपासूनच बनते, आणि ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. चिलीतील वृक्षाची साल अशा रीतीने महाराष्ट्रातील लसनिर्मितीशी जोडली गेली.

५

महाराष्ट्रातील संशोधकांनी स्वदेशी वनस्पतींचा या दृष्टीने केलेला अभ्यास याच्याही पूर्वीचा आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीचा पद्धतशीर अभ्यास केला. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात पित्तमार्ग अडल्याने कावीळ झालेले ३० रुग्ण होते. त्यांचे दोन गट करण्यात आले. नेहमीच्या उपचारांबरोबर गुळवेल दिलेल्या गटात रक्तदोषाची लक्षणे कोणासही दिसली नाहीत. केवळ नेहमीचे उपचार झालेल्या गटात ती निम्म्या रुग्णांत दिसली. रुग्णसंख्या अल्प असली तरी या प्रयोगाची मांडणी अनुकरणीय होती : रोग निश्चित, मात्रा निश्चित, तुलनेला दुसरा गट आणि रक्तातील भक्षक पेशींच्या कार्याचे मापन. ‘शक्ती वाढली’ असे मोघम विधान तीत नव्हते.

पुणे विद्यापीठात डॉ. भूषण पटवर्धन यांच्या मार्गदर्शनाखाली झालेले कार्य प्रस्तुत विषयाला अधिक जवळचे आहे. सीरम इन्स्टिट्यूटमधील शास्त्रज्ञांच्या सहकार्याने झालेले हे प्रयोग २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील त्रिगुणी लस टोचलेल्या प्राण्यांना शतावरीच्या मुळांचा जलीय अर्क प्रतिकिलो १०० मिलिग्रॅम या मात्रेने १५ दिवस मुखावाटे देण्यात आला. डांग्या खोकल्याच्या जंतूंविरुद्धची त्यांची प्रतिपिंडे अर्क न दिलेल्या प्राण्यांपेक्षा अधिक आढळली. नंतर जिवंत जंतू मेंदूत टोचले असता मृत्यूंचे प्रमाणही कमी राहिले. अश्वगंधेच्या अर्कावरही असाच अभ्यास झाला. त्याच वर्षी याच संशोधनपरंपरेतून अर्बुदग्रस्त उंदरांवरील एक अभ्यास पुढे आला. कर्करोगावरील सायक्लोफॉस्फामाइड या औषधाने खालावणारी पांढऱ्या पेशींची संख्या अश्वगंधा व गुळवेल यांच्या संयुक्त अर्काने सावरते, असे त्यात दिसले.

येथे एक सूक्ष्म पण महत्त्वाचा भेद ध्यानात घेणे अवश्य आहे. रामाँचा साबुदाणा आणि केन्सिल यांचे एकविसावे शिखर प्रतिजनाबरोबर एकाच सुईतून शरीरात जाते. पुण्याच्या प्रयोगात लस सुईने आणि अर्क मुखाने गेला. दोन्ही ठिकाणी ‘सहायक’ हीच संज्ञा वापरली जाते. परंतु एकात स्थानिक व क्षणिक इशारा आहे, तर दुसऱ्यात देहव्यापी पूर्वतयारी आहे. पहिले योगवाहीसारखे, दुसरे रसायनासारखे. या प्रयोगांचे मोल त्यामुळे कमी होत नाही. किंबहुना रसायनाच्या कल्पनेची परीक्षा लसीच्या निकषावर घेता येते, हे त्यांनी दाखवून दिले. तथापि पहिल्याचे यश दुसऱ्याच्या खात्यावर जमा करता येत नाही.

या दोहोंना जोडणारा एक दुवा मुंबईतच निर्माण झाला. ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात गुळवेलीतून एक बहुशर्करा वेगळी करण्यात आली. तिचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे तिला ‘जी१-४ए’ या संकेताने ओळखले जाऊ लागले. प्रतिजन उचलून ते लसिका-पेशींपुढे मांडणाऱ्या ज्या वृक्षाकार पेशी असतात, त्या या द्रव्याने परिपक्व होतात व अर्बुदपेशींना मारण्यास समर्थ होतात, असे उंदरांच्या पेशींवरील प्रयोगांत २०१४ मध्ये दाखविले गेले. अमृतेला येथे प्रथमच एकविसाव्या शिखरासारखे रुक्ष नाव मिळाले, आणि तिच्या इतिहासातील ती प्रगतीच होय. परंतु प्रयोगशाळेतील उंदराच्या पेशीपासून रुग्णापर्यंतचा मार्ग केवढा आहे, हे क्विलायाच्या पुढील इतिहासावरून कळते.

६

कर्करोगाच्या लसींचे दोन वर्ग आहेत. पहिला प्रतिबंधक. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या विषाणूवरील भारतीय लस, ‘सर्व्हाव्हॅक’, हिला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. तीही सीरम इन्स्टिट्यूटचीच आहे, आणि तिच्यातील सहायक वनस्पतिजन्य नसून ॲल्युमिनियमचाच क्षार आहे. येथे प्रतिपिंडांनी विषाणूला दारातच अडविले की काम झाले. दुसरा वर्ग उपचारात्मक, म्हणजे कर्करोग झाल्यावर द्यावयाच्या लसींचा. क्यूएस-२१ ची खरी कसोटी या वर्गात लागली.

न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेत फिलिप लिव्हिंग्स्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी एक लस सिद्ध केली. ‘जीएम२’ हे त्या पेशींच्या पृष्ठावरील शर्करायुक्त मेदद्रव्य, त्याला जोडलेले वाहक प्रथिन आणि सहायक क्यूएस-२१ अशी तिची घडण होती. रुग्णांच्या रक्तात अपेक्षित प्रतिपिंडे निर्माण झाली. परंतु २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८८० रुग्णांच्या चाचणीत इंटरफेरॉन हे औषध या लसीहून सरस ठरले. युरोपात हीच लस १,३१४ रुग्णांवर अजमावण्यात आली. लाभ दिसण्याची आशा न उरल्याने २००७ मध्ये लस देणे थांबविण्यात आले.

यानंतरचा प्रयत्न याहून मोठा होता. ‘मेज-ए३’ हे अर्बुदपेशींत आढळणारे प्रथिन आणि क्यूएस-२१ सह तीन उत्तेजकांचे मेदगोलकांतील मिश्रण अशी ही लस होती. फुप्फुसाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या २,२७२ रुग्णांवर तिची चाचणी झाली. रोग उलटून येण्याचे प्रमाण लसीने घटले नाही, आणि २०१४ मध्ये हा उपक्रम सोडून देण्यात आला. मेलानोमावरील समांतर चाचणीची गतही तीच झाली.

या अपयशाचा अर्थ काय? नागिणीवर आणि हिवतापावर ज्या द्रव्याने यश दिले, ते कर्करोगात निर्बल ठरले असे म्हणणे योग्य होणार नाही. सहायकाने आपले काम केले होते. प्रतिजनाची दखल घेतली गेली होती. परंतु निवडलेले प्रतिजन शरीराच्या स्वतःच्या द्रव्यांपैकीच असल्याने त्याविरुद्धचा प्रतिसाद मर्यादित राहिला. शिवाय अर्बुद आपल्याभोवती वधकारी पेशींना निष्प्रभ करणारे वातावरण निर्माण करते. हाक कितीही मोठी असली तरी चुकीच्या नावाने मारली, किंवा दारच बंद असले, तर तिचा उपयोग होत नाही. म्हणून त्यानंतरच्या संशोधनाचा भर प्रत्येक रुग्णाच्या अर्बुदातील विशिष्ट बिघाड हेरून त्याचेच प्रतिजन करण्यावर आणि अर्बुदाने घातलेले निर्बंध दूर करणाऱ्या औषधांची जोड देण्यावर राहिला आहे.

क्विलायाचा इतिहास मात्र थांबलेला नाही. वृक्षाची साल मर्यादित व मागणी मोठी, या अडचणीतून मार्ग काढण्यासाठी या वृक्षातील जनुके किण्वात घालून क्यूएस-२१ तयार करण्यात आले. हे कार्य २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. वृक्षाने शिकविलेली विद्या आता वृक्षावाचून आचरता येऊ लागली.

७

आता पुन्हा गुळवेलीकडे व आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. साथीच्या काळात गुळवेल सेवन करणाऱ्या आणि यकृतास दाह झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. हा दाह शरीराच्या प्रतिकारव्यवस्थेने स्वतःच्याच यकृतावर केलेल्या आघातासारखा होता. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वनस्पतीची ओळख नीट पटविली नव्हती, असे त्याचे म्हणणे होते. पुढे देशातील अनेक केंद्रांतून अशाच आणखी रुग्णांचे अहवाल आले. या वादातील एक गोष्ट तरी निर्विवाद आहे. ज्या द्रव्यात प्रतिकारव्यवस्थेला हलविण्याचे सामर्थ्य आहे असे मानावयाचे, त्यात अपायाचे सामर्थ्यही मानले पाहिजे. सॅपोनिनच्या बाबतीत संशोधकांनी हे आरंभापासून मानले, म्हणूनच विभाजन, मात्रा व मेदगोलक यांची साधना त्यांना करावी लागली. रसायनाच्या लौकिक कल्पनेत या सावधगिरीला स्थान उरले नाही. वस्तुतः प्राचीन वैद्यकाला ती सावधगिरी अपरिचित नव्हती. वय, प्रकृती व काल पाहूनच रसायनाची योजना करावी, असा तेथील दंडक होता.

या सर्व इतिहासाचा निष्कर्ष थोडक्यात असा मांडता येईल. लसीतील वनस्पतिजन्य द्रव्य हे शक्ती देणारे नव्हे, तर लक्ष वेधणारे आहे. कोणाकडे लक्ष वेधावयाचे हे प्रतिजन ठरविते, आणि प्रतिजनावाचून सहायकाला अर्थ नाही. गोरेगावच्या रानातील गुळवेल व शतावरी यांत उद्याच्या लसीचे एखादे सहायक द्रव्य दडलेले असणे अशक्य नाही. पुणे व ट्रॉम्बे येथील कार्याने तशी आशा बाळगण्यास आधार दिला आहे. परंतु ते द्रव्य रुग्णाच्या उपयोगी पडेल ते वेगळे काढून, मोजून, योग्य प्रतिजनाशी जोडून आणि माणसांवरील चाचणीतून पार पडल्यावर. तोपर्यंत नागपूरच्या रुग्णालयाची वाट टाळून वेलीचा काढा घेणारा रुग्ण जे घेतो, ती लस नव्हे, सहायकही नव्हे.

हा भेद शास्त्रज्ञाला ठाऊक असून भागत नाही. तो भाषेत उमटला पाहिजे. ‘प्रतिकारशक्ती वाढविणारे’ या सरसकट विशेषणाऐवजी ‘सहायक द्रव्य’ ही संज्ञा अध्यापनात, पाठ्यपुस्तकांत आणि आरोग्यकेंद्रातील बोलण्यात रूढ झाली, तर ‘कशाचे सहायक?’ हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप उभा राहील. तो प्रश्न विचारला जाणे, हेच रुग्णाच्या संरक्षणाचे पहिले पाऊल होय.